रेव्हिटमध्ये वाढीव बांधकाम काढताना भिंती गायब झाल्या तर

जुना तळमजल्याचा बंगला आहे. मालकांना वर एक मजला चढवायचा आहे आणि मागे एक बेडरूम हवी आहे. मेजर ड्रॉइंगवरून (जागेवर मापं घेऊन केलेल्या नकाशावरून) तुम्ही जुनं घर रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं ३डी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उभं केलंत, मागच्या खोलीची पहिली ९ इंची भिंत काढलीत आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही. उजव्या कोपऱ्यात एक पिवळी सूचना मात्र आली: तयार केलेल्यांपैकी एकही एलिमेंट या व्ह्यूमध्ये दिसत नाही, व्ह्यूची पॅरामीटर्स, व्हिजिबिलिटी आणि प्लॅन रीजन तपासा. नवखा माणूस ती सूचना न वाचता बंद करतो आणि तीच भिंत पुन्हा काढतो. तीही दिसत नाही, म्हणून तिसरी काढतो.

तेवढं करू नका. सूचनेत भिंत झाली नाही असं कुठेही म्हटलेलं नाही. भिंत झाली आहे, फक्त या व्ह्यूला ती दिसत नाही. ऑटोकॅडमधून आलेल्यांना हे पचायला वेळ लागतो, कारण तिथे रेघ ही रेघच असते. लेयर बंद किंवा फ्रीझ नसेल तर ती दिसतेच. रेव्हिटमध्ये प्लॅन म्हणजे मॉडेलकडे पाहण्याची एक खिडकी, आणि प्रत्येक खिडकीचे नियम वेगळे. त्यामुळे भिंत कुठे गेली यापेक्षा या व्ह्यूच्या कोणत्या नियमाने ती अडवली, हे शोधायचं. पुन्हा काढलेल्या भिंती एकावर एक बसतात आणि पुढे क्वांटिटी काढताना त्रास देतात. ४ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि २३० मिमी जाडीच्या भिंतीचं वीटकाम २.७६ घनमीटर होतं. ती दोनदा असली तर शेड्यूल (रेव्हिटचा मोजमापांचा तक्ता) ५.५२ दाखवेल आणि कॉन्ट्रॅक्टरचा पहिला फोन तुम्हाला येईल.

आधी तपासणीचा एक ३डी व्ह्यू करून ठेवा

प्रोजेक्ट सुरू करतानाच हे केलेलं बरं. नेहमीचा ३डी व्ह्यू डुप्लिकेट करा आणि त्याला ‘तपासणी’ असं नाव द्या. मग प्रॉपर्टीजमध्ये एवढं बघा: व्ह्यू टेम्प्लेट ‘नन’, डिसिप्लिन (व्ह्यू कोणत्या शाखेसाठी आहे ते) ‘कोऑर्डिनेशन’, फेज (बांधकामाचा टप्पा) ‘न्यू कन्स्ट्रक्शन’, फेज फिल्टर ‘नन’, सेक्शन बॉक्सची (मॉडेलचा ठरावीक भागच दाखवणाऱ्या पेटीची) खूण काढलेली. फेज फिल्टर ‘नन’ ठेवला की कोणत्याही फेजमधली वस्तू लपत नाही. जुनं, पाडायचं, नवीन असं सगळं एकत्र दिसतं. हा व्ह्यू शीटवर लावायचा नाही, कुणाला पाठवायचा नाही, आणि यात काहीही हाइड करायचं नाही.

भिंत गायब झाली की आधी इथे या. झेड आणि ई ही अक्षरं पाठोपाठ दाबलीत की सगळं मॉडेल पडद्यावर मावेल. भिंत इथे दिसली तर ती निवडा आणि निवड तशीच ठेवून प्रॉपर्टीज वाचा. बेस कन्स्ट्रेंट, बेस ऑफसेट, टॉप कन्स्ट्रेंट, फेज क्रिएटेड, फेज डिमॉलिश्ड या पाच ओळी भिंतीचा पत्ता सांगतात: ती कुठून सुरू होते, कुठपर्यंत जाते, कोणत्या टप्प्यात बांधली आणि कोणत्या टप्प्यात पाडली. तो पत्ता कागदावर लिहून घ्या, मग ज्या प्लॅनमध्ये ती दिसत नाही तिथे जाऊन व्ह्यूच्या प्रॉपर्टीज वाचा. बहुतेक वेळा दोन्ही शेजारी ठेवताच विसंगती लक्षात येते.

इथेही दिसली नाही तर वॉल शेड्यूल करा. टाइप आणि लांबी एवढे दोन रकाने पुरे. शेड्यूललाही स्वतःची फेज आणि स्वतःचा फेज फिल्टर असतो हे अनेकांना माहीत नसतं, म्हणून तिथेही फिल्टर ‘नन’ करा. ओळीवर क्लिक करून ‘हायलाइट इन मॉडेल’ दाबलं की ती भिंत ज्या व्ह्यूत दिसते तो व्ह्यू रेव्हिट उघडून देतं. शेड्यूलमध्येही ती नसेल तर मात्र ती खरोखर डिलीट झाली आहे, किंवा ती वर्कसेटमध्ये (टीमसाठी वाटलेल्या मॉडेलच्या भागात) नाहीतर लिंकमध्ये (जोडलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये) अडकली आहे. त्याबद्दल शेवटी.

फेज: वाढीव बांधकामात सगळ्यात आधी इथेच बघा

नवी इमारत मोकळ्या प्लॉटवर काढताना फेजकडे बघितलं नाही तरी चालतं. अॅडिशनच्या कामात तसं चालत नाही. माझ्या अनुभवात अशा प्रोजेक्टमधल्या गायब भिंतींचं मूळ बहुधा इथेच सापडतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

रेव्हिटच्या टेम्प्लेटमध्ये दोन फेज आधीपासून असतात, ‘एक्झिस्टिंग’ आणि ‘न्यू कन्स्ट्रक्शन’. तुम्ही ज्या व्ह्यूत भिंत काढता, त्या व्ह्यूची जी फेज असते तीच भिंतीला लागते. आणि तयार प्लॅन बहुतेक वेळा ‘न्यू कन्स्ट्रक्शन’वर असतात. नवखा माणूस अख्खं जुनं घर अशाच प्लॅनमध्ये काढतो. दिसायला सगळं व्यवस्थित असतं. मग सर सांगतात, एक्झिस्टिंगचा प्लॅन वेगळा काढ. तो प्लॅन डुप्लिकेट करतो, फेज ‘एक्झिस्टिंग’ करतो आणि पडदा कोरा होतो. घर कुठेही गेलेलं नाही. रेव्हिटच्या हिशेबात ते अजून बांधलंच गेलेलं नाही.

दुरुस्ती सोपी आहे. ‘तपासणी’ व्ह्यूमध्ये जुन्या घराच्या भिंती निवडा. माउसने चौकट ओढून सगळं निवडलंत तर फिल्टर बटणाने फक्त वॉल्स ठेवा. प्रॉपर्टीजमध्ये फेज क्रिएटेड ‘एक्झिस्टिंग’ करा. दारं, खिडक्या, स्लॅब, कॉलम, जिना यांच्यासाठी हेच पुन्हा करा. नुसत्या भिंती बदलून दारं तशीच ठेवलीत तर जुन्या घराला नवी दारं बसवली जात आहेत असं चित्र तयार होतं.

आता उलटी चूक. एक्झिस्टिंगचा प्लॅन उघडा राहिला आणि मागची बेडरूम त्यातच काढली. या भिंती सगळीकडे दिसतात, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. फक्त नवीन काम दाखवणारा व्ह्यू केला, फिल्टर ‘शो न्यू’ लावला, की नवी खोलीच गायब. उपाय तोच, फेज क्रिएटेड बदला.

फेज फिल्टरची यादी पहिल्यांदा बघताना गोंधळ होतो, पण रोजच्या कामाला तीन जोड्या पुरतात. एक्झिस्टिंग प्लॅनसाठी फेज ‘एक्झिस्टिंग’ आणि फिल्टर ‘शो ऑल’. पाडकामाच्या प्लॅनसाठी फेज ‘न्यू कन्स्ट्रक्शन’ आणि फिल्टर ‘शो प्रीव्हियस + डेमो’. प्रस्तावित प्लॅनसाठी फेज ‘न्यू कन्स्ट्रक्शन’ आणि फिल्टर ‘शो प्रीव्हियस + न्यू’. पाडकामाच्या प्लॅनची फेज ‘एक्झिस्टिंग’ ठेवण्याचा मोह होतो, पण पाडापाडी नव्या फेजमध्ये घडते, जुन्या फेजमध्ये भिंत अजून उभीच आहे. आणि ‘शो ऑल’वर जास्त भरवसा ठेवू नका. तो व्ह्यूच्या फेजपर्यंतचंच दाखवतो. एक्झिस्टिंगच्या व्ह्यूला ‘शो ऑल’ लावून नवी खोली दिसेल अशी वाट बघत बसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

नगरपालिकेच्या नकाशात पाडायचं काम पिवळं आणि नवीन काम लाल दाखवायचं असतं. त्यासाठी भिंती एकेक निवडून रंगवायची गरज नाही. मॅनेज टॅबवर फेजेसमध्ये ‘ग्राफिक ओव्हरराइड्स’ असतं, तिथे डिमॉलिश्ड आणि न्यू यांना एकदाच रंग द्या. मात्र शेजारच्याच ‘फेज फिल्टर्स’ टॅबमध्ये त्या फिल्टरसमोर ‘ओव्हररिडन’ असायला हवं. चुकून ‘नॉट डिस्प्लेड’ झालं तर त्या अवस्थेतल्या सगळ्या भिंती त्या फिल्टरच्या प्रत्येक व्ह्यूमधून एकदम जातात. ऑफिसात कुणीतरी फिल्टरला हात लावला आणि सगळ्या शीटवरच्या भिंती गेल्या, असं झालं तर थेट या टॅबवर या.

हातोडा चालवण्याआधी भिंत तोडा

जुन्या हॉलच्या मागच्या भिंतीत १२०० मिमीचा रस्ता काढून नव्या बेडरूममध्ये जायचं आहे. भिंत आहे साडेनऊ मीटर लांब. मॉडिफाय टॅबवरचा हातोड्याचा ‘डिमॉलिश’ घेऊन तिच्यावर क्लिक केलं की साडेनऊ मीटर भिंत पाडायच्या यादीत जाते, आणि तिच्यातल्या खिडक्याही तिच्याबरोबर. प्रस्तावित प्लॅनमध्ये घराची मागची बाजू उघडी पडते.

नुसतं दार बसवायचं असेल तर भिंत पाडायचीच नाही. न्यू कन्स्ट्रक्शनच्या प्लॅनमध्ये जुन्या भिंतीत दार ठेवा. दाराच्या जागेपुरती भिंत पाडायची आहे हे रेव्हिट पाडकामाच्या प्लॅनमध्ये आपणहून दाखवतं. संपूर्ण उंचीचा रस्ता हवा असेल तर आधी एस आणि एल दाबून ‘स्प्लिट एलिमेंट’ घ्या, दोन ठिकाणी भिंत तोडा आणि मधल्या तुकड्यावरच हातोडा चालवा.

आधीच अख्खी भिंत पाडून बसला असाल तर कंट्रोल-झेडवर अवलंबून राहू नका, मध्ये बरंच काम झालेलं असतं. ‘तपासणी’ व्ह्यूमध्ये ती निवडा, फेज डिमॉलिश्ड ‘नन’ करा, भिंत परत उभी राहते. तिच्यातल्या प्रत्येक खिडकीचं फेज डिमॉलिश्ड वेगळं बघा, ते आपोआप सुधारलंच असेल असं धरून चालू नका. जुन्या गच्चीच्या कठड्याचं मात्र उलट होतं. वर मजला येणार म्हणजे तो पाडायलाच हवा, पण तो पाडायचं राहून जातं आणि नव्या बेडरूममधून एक मीटर उंचीची भिंत जाताना दिसते.

उंचीचा गोंधळ

फेज जुळत असेल आणि तरी भिंत दिसत नसेल तर ती बहुधा चुकीच्या उंचीवर असते. यात एक चूक इतकी नेहमीची आहे की आधी तीच बघा. भिंत काढताना वरच्या ऑप्शन्स बारवर ‘हाइट’ किंवा ‘डेप्थ’ असा पर्याय असतो. ‘डेप्थ’ असेल तर भिंत त्या लेव्हलवरून (मजल्याची उंची ठरवणाऱ्या रेषेवरून) खाली जाते. जोत्याच्या प्लॅनमध्ये काढलेली भिंत जमिनीत गाडली जाते आणि ती पिवळी सूचना येते. भिंत निवडून बेस आणि टॉप कन्स्ट्रेंट दुरुस्त करा, आणि पुढची भिंत काढण्याआधी ‘हाइट’ करून घ्या, कारण रेव्हिट मागची निवड लक्षात ठेवतं.

दुसरी गोष्ट व्ह्यू रेंज. प्लॅन म्हणजे लेव्हलपासून ठरावीक उंचीवर इमारत आडवी कापून खाली बघणं. नेहमीच्या मेट्रिक टेम्प्लेटमध्ये हा कट प्लेन १२०० मिमीवर असतो. ज्या भिंतीची सुरुवातच त्याच्या वर आहे ती प्लॅनमध्ये येत नाही. सपाट प्लॉटवर हे सहसा घडत नाही. कोकणातल्या उताराच्या प्लॉटवर मात्र नक्की घडतं: मागची बाजू चढावर, म्हणून नव्या बेडरूमचं जोतं जुन्यापेक्षा १५०० मिमी वर घेतलं, भिंतींना बेस ऑफसेट १५०० दिला, आणि तळमजल्याच्या प्लॅनमध्ये खोलीच्या जागी पांढरी जागा. व्ही आणि आर दाबून अख्ख्या प्लॅनचा कट प्लेन २७०० केलात तर नवी खोली दिसेल, पण कट लिंटेलच्या वर गेल्यामुळे जुन्या घराच्या खिडक्या प्लॅनमधून जातील. त्याऐवजी व्ह्यू टॅबवरच्या प्लॅन व्ह्यूजमधून ‘प्लॅन रीजन’ घ्या, नव्या खोलीभोवती चौकोन काढा आणि फक्त त्याची व्ह्यू रेंज बदला. पिवळी सूचना प्लॅन रीजनचं नाव घेते ते याचसाठी. आधीच्या कुणी काढून ठेवलेल्या रीजनमुळेही एखाद्या कोपऱ्यातल्याच भिंती जाऊ शकतात.

कमी उंचीच्या भिंतींबद्दल एक लक्षात ठेवा. साधारण २ मीटरपेक्षा बुटकी भिंत कट प्लेनला छेदत असली तरी रेव्हिट ती कापलेली दाखवत नाही, वरून दिसते तशी बारीक रेघांत दाखवतं. कठडा किंवा कंपाउंडची भिंत फिकट दिसली तर ती गायबही नाही आणि बिघडलेलीही नाही.

आता वरचा मजला. इथे दोन गोष्टी घडतात. पहिली साधी आहे: लेव्हल कॉपी करून नवी लेव्हल केली तर तिचा प्लॅन तयार होत नाही. एलिव्हेशनमध्ये अशा लेव्हलचं डोकं काळं दिसतं, प्लॅन असलेल्यांचं निळं. प्लॅनच नाही म्हणून माणूस खालच्या प्लॅनमध्येच भिंती काढत बसतो. व्ह्यू टॅबवरून फ्लोअर प्लॅन करून घ्या.

दुसरी जास्त नुकसान करते. जुन्या मॉडेलमध्ये जोतं ० वर आणि ‘गच्ची’ ही लेव्हल ३००० वर होती. मजला चढवायचा म्हणून एलिव्हेशनमध्ये ‘गच्ची’ उचलून ६००० वर नेली, आणि ३००० वर नवी ‘पहिला मजला’ टाकली. ज्या जुन्या भिंतींचं टॉप कन्स्ट्रेंट ‘गच्ची’ होतं त्या सगळ्या ६ मीटर उंच झाल्या. गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीच्या भिंतींचा बेस ‘गच्ची’ होता, त्या तीन मीटर वर गेल्या. पहिल्या मजल्याच्या प्लॅनमध्ये खालच्या घराच्या भिंती दिसतात आणि जिन्याची खोली गायब. असं झालं असेल तर भिंती एकेक दुरुस्त करू नका. ‘गच्ची’ पुन्हा ३००० वर आणा, मधली नवी लेव्हल काढून टाका, ‘गच्ची’चंच नाव ‘पहिला मजला’ करा, आणि ६००० वर लेव्हल टूलने नवी गच्ची टाका. लेव्हल काढण्याआधी तिच्यावर काही काढलं नाही ना ते बघा, कारण लेव्हलबरोबर तिच्यावर बसलेल्या वस्तूही जातात.

कुणीतरी लपवली असेल तर

हा भाग झटपट. पडद्याभोवती निळसर चौकट असेल तर तात्पुरतं हाइड किंवा आयसोलेट चालू आहे. एच आणि आर दाबा. खालच्या पट्टीवरचा बल्ब लावा, चौकट गुलाबी होईल आणि या व्ह्यूत हाइड केलेल्या वस्तू गडद रंगात दिसतील. भिंत निवडून अनहाइड करा. बल्ब फक्त लपवलेलं दाखवतो, व्ह्यू रेंजबाहेर राहिलेली भिंत त्यालाही दिसत नाही.

मग व्ही दोनदा दाबून व्हिजिबिलिटी/ग्राफिक्स उघडा. वॉल्ससमोर खूण आहे का आणि फिल्टर्सच्या टॅबवर एखादा फिल्टर भिंतींवर लागला आहे का, ते बघा. सगळं राखाडी असेल आणि बदलताच येत नसेल तर व्ह्यूला टेम्प्लेट लावलेलं आहे. टेम्प्लेटमध्ये बदल केला तर तो वापरणारे सगळे व्ह्यू बदलतात, म्हणून टीममध्ये विचारून करा. क्रॉप रीजनही (व्ह्यू किती भागापुरता दाखवायचा ती चौकट) बघा: जुन्या घरापुरता क्रॉप घातलेला असतो आणि मागची नवी खोली त्याच्या बाहेर पडते. सेक्शनमध्ये हेच ‘फार क्लिप ऑफसेट’मुळे (सेक्शन किती खोलवर बघतो त्या मर्यादेमुळे) होतं.

आणि डिसिप्लिन. स्ट्रक्चरल इंजिनिअरने दिलेल्या फाइलमधला किंवा त्यांच्या टेम्प्लेटवरचा प्लॅन वापरत असाल तर त्याची डिसिप्लिन ‘स्ट्रक्चरल’ असते. अशा व्ह्यूत भार न घेणाऱ्या भिंती दिसत नाहीत. साध्या वॉल टूलने काढलेली भिंत भार न घेणारीच धरली जाते, मग ती ९ इंची असो की साडेचार इंची. कॉलम-बीम दिसतात आणि एकही भिंत नाही, असं चित्र असेल तर बाकी काही तपासण्याआधी डिसिप्लिन ‘कोऑर्डिनेशन’ करून बघा.

वर्कसेट, लिंक, डिझाइन ऑप्शन

शेअर्ड फाइलवर काम असेल तर फाइल उघडताना काही वर्कसेट बंद राहतात आणि त्यातल्या भिंती कुठेच दिसत नाहीत, ‘तपासणी’ व्ह्यूतही नाहीत. कोलॅबोरेट टॅबवर वर्कसेट्समध्ये ‘ओपन्ड’समोर ‘नो’ असेल ते ‘येस’ करा.

जुनं घर वेगळ्या फाइलमधून लिंक केलं असेल तर तिच्या फेज तुमच्या फेजशी जुळवाव्या लागतात. लिंक निवडा, एडिट टाइप, फेज मॅपिंग. जुनं घर त्यांच्याकडे ‘न्यू कन्स्ट्रक्शन’मध्ये काढलेलं असेल आणि तुमच्या एक्झिस्टिंग प्लॅनमध्ये ते येत नसेल तर इथे त्यांची ‘न्यू कन्स्ट्रक्शन’ तुमच्या ‘एक्झिस्टिंग’ला जोडा.

मालकांना बेडरूमचे दोन पर्याय दाखवले असतील तर एका डिझाइन ऑप्शनमधल्या भिंती दुसऱ्या ऑप्शनच्या व्ह्यूत दिसणार नाहीत. व्हिजिबिलिटी/ग्राफिक्समधल्या डिझाइन ऑप्शन्स टॅबवर कोणता पर्याय लागला आहे ते बघा.

आता त्या जादा भिंती

कारण सापडलं, भिंती दिसायला लागल्या. आता शोधाशोध करताना पुन्हा पुन्हा काढलेल्या भिंतींची सफाई. मॅनेज टॅबवर वॉर्निंग्ज उघडा. भिंती एकावर एक असल्याच्या किंवा एकाच जागी सारख्याच वस्तू असल्याच्या सूचना तिथे जमलेल्या असतील. प्रत्येक सूचनेत भिंतींचे आयडी दिसतात, खूण करून ‘शो’ दाबलं की त्या पडद्यावर येतात. डिलीट करण्याआधी दार-खिडकी कोणत्या भिंतीत बसली आहे ते बघा: दार निवडल्यावर वर ‘पिक न्यू होस्ट’ (दार दुसऱ्या भिंतीत बसवायचं बटण) येतं, आणि भिंत हलवली की तिच्यातलं दार तिच्याबरोबर सरकतं. जिच्यात दार आहे ती ठेवा, रिकामी काढा. उलट केलंत तर भिंतीबरोबर दारही जाईल, आणि एकावर एक बसलेल्या भिंतींमुळे ते गेलेलं प्लॅनमध्ये चटकन लक्षातही येत नाही.